सहस्र, हजार आणि कॅपिटल के

एका सर्व्हरवर 100 जीबीचा लॉजिकल व्हॉल्यूम हवा होता. लिनक्समध्ये डिस्कची जागा वाटून देणाऱ्या एलव्हीएमला आज्ञा दिली, आकार लिहिला 100 आणि पुढे कॅपिटल जी. मग खातरजमा म्हणून यादी मागवली, तीही कॅपिटल जी या एककात. आकडा आला 107.37. तीच यादी स्मॉल जी या एककात मागवली, तेव्हा 100.00. डिस्कवर एक बाइटही इकडचा तिकडे झालेला नव्हता.

खुलासा त्या आज्ञेच्या मॅन पेजमध्येच, म्हणजे माहितीपानातच होता. आकार सांगताना अक्षर लहान असो की मोठं, हिशेब 1024 चाच धरला जातो, असं तिथे लिहिलेलं आहे. पाठोपाठ कंसात बजावलेलं आहे की याची गल्लत यादीच्या एककांशी करू नका, तिथे मोठं अक्षर म्हणजे 1000 ची पट. जुन्या मॅन पेजमध्ये हे नव्हतं. के म्हणजे किलोबाइट, एम म्हणजे मेगाबाइट, जी म्हणजे गिगाबाइट, एवढं सांगून मजकूर पुढे सरकत असे. त्यात खोटं काही नव्हतं, पण किलो म्हणजे नेमके किती, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या गळ्यात तसाच राहत होता. त्या कंसातल्या वाक्यामुळे मी ‘किलो’च्या मागे लागलो आणि शेवटी पोचलो तो बाजारात रोज तोंडी असलेल्या एका शब्दापाशी.

डिस्कची मोजणी पहिल्यापासून दशमान. 1956 च्या आयबीएम 350 या पहिल्या व्यापारी डिस्कवर 50 लाख अक्षरं मावत. मेमरीचं तसं नाही. पत्त्याची एक तार वाढली की जागा दुप्पट होतात, म्हणून तिथे 1024 हा सोयीचा टप्पा. 1964 मध्ये आयबीएम सिस्टम 360 ची रचना सांगणारा अ‍ॅमडॉल, ब्लाउ आणि ब्रुक्स यांचा निबंध आला. त्यात कॅपिटल के म्हणजे 1024 असं स्पष्ट नोंदवलेलं आहे. 1968 मध्ये डोनाल्ड मॉरिसन यांनी 1024 साठी कप्पा हे ग्रीक अक्षरच वापरावं असं सुचवलं. ते रुजलं नाही. रुजली ती स्मॉल के 1000 आणि कॅपिटल के 1024 ही वहिवाट. पण ती ‘के’पुरतीच चालली, कारण मेगाचा एम मुळातच मोठा आणि लहान एम मिलीकडे गेलेला.

आता एलव्हीएमची यादी पाहा. तिथे मोठं अक्षर 1000 चं आणि लहान 1024 चं, म्हणजे जुन्या वहिवाटीच्या नेमकं उलट. असं का? एक उत्तर असं दिलं जाईल की एसआय पद्धतीत एम, जी, टी ही अक्षरं मोठी, म्हणून मोठं अक्षर एसआयचं. हे उत्तर तीन अक्षरांना लागू पडतं आणि ‘के’पाशी अडतं. एसआयमध्ये किलोचा के लहान, मोठा के तापमानाच्या केल्विनचा. माझा तर्क साधा आहे. टाइप करायला सोपी म्हणून लहान अक्षरं 1024 कडे आधीच गेली होती, दशमान हिशेब नंतर आला आणि त्याला उरलेली मोठी अक्षरं मिळाली. मोकळी जागा मिळेल तिथे माणूस बसतो, तसंच हे झालं असावं.

पण खरी गंमत ‘किलो’ या शब्दाच्या कुळात आहे. 7 एप्रिल 1795 च्या फ्रेंच कायद्याने ‘किलो’ हा उपसर्ग मापात आणला. पट दाखवायला ग्रीक आणि भाग दाखवायला लॅटिन, असं त्यांचं धोरण होतं. ग्रीकमध्ये हजाराला ‘खिलिओइ’; फ्रेंचांनी त्याची मोडतोड करून किलो केलं. या खिलिओइचं मूळ रूप ‘घेस्लो’सारखं होतं असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्यातला घ संस्कृतात ह झाला, ल चा र झाला आणि ‘हस्र’ तयार झालं. त्याच्या आधी एक या अर्थाचा ‘स’ बसला. सकृत् म्हणजे एकदा, त्यातला हाच स. सहस्र म्हणजे अक्षरशः ‘एक हजार’.

इराणात त्याच शब्दाने दुसरी वाट धरली. तिथे स चा ह होतो: आपला सप्ताह आणि फारसीतून आलेला हप्ता शेजारी ठेवून पाहा. आणि संस्कृतातल्या या ह च्या जागी तिथे ज येतो: हिरण्य आणि जरतारीतला जर. हे दोन्ही नियम सहस्राला लावा. अवेस्तात ‘हजङ्र’ मिळतं, फारसीत ‘हजार’. म्हणजे सत्यनारायणाच्या दिवशी विष्णुसहस्रनाम म्हणणारा, भाजीवाल्याला हजार रुपये देणारा आणि किलोभर बटाटे घेणारा मराठी माणूस एकच शब्द तीन वाटांनी बोलत असतो. मेगा आणि महा यांचंही असंच सख्खं नातं आहे.

वाद आहे तो ‘मिली’वर. तो लॅटिन ‘मिल्ले’ म्हणजे हजार यातून आला, इथपर्यंत एकमत. एक मत म्हणतं की मिल्लेसुद्धा ‘एक’ वाचक स्त्रीलिंगी ‘स्मी’ आणि तोच घेस्लो यांची जोडणी आहे, सहस्रासारखीच. विरोधक विचारतात, मधला घ गेला कुठे? इतकं आकुंचन ओढूनताणून केलेलं वाटतं, असा त्यांचा आक्षेप. मला तो पटत नाही. लॅटिनमध्ये घ चा ह होऊन दोन स्वरांमधून गळणं अगदी नेहमीचं आहे. ‘निहिल’चं ‘निल’ झालं ते असंच. आरंभीचा स म च्या आधी गळणंही त्या भाषेच्या चालीत बसतं. मी या मताच्या बाजूने आहे. ते खरं असेल तर 1795 मध्ये पट आणि भाग वेगळे ओळखता यावेत म्हणून मुद्दाम दोन भाषांतून निवडलेले किलो आणि मिली एकाच आजीची नातवंडं ठरतात.

या सगळ्या कुळात 1024 कुठेच नाही. ग्रीक, संस्कृत, फारसी, लॅटिन, सगळीकडे हजार म्हणजे हजारच. गोंधळ पुढे इतका वाढला की 1.44 एमबीच्या फ्लॉपीवर 14,74,560 बाइट मावत, म्हणजे 1.44 ला एकदा 1000 ने आणि एकदा 1024 ने गुणलेलं. एकाच आकड्यात दोन हिशेब! किलोपाशी तफावत 2.4 टक्के, गिगापाशी 7.4, टेरापाशी जवळजवळ 10. म्हणून 1 टीबीची डिस्क एलव्हीएममध्ये 931 जीबीच्या आसपास दिसते आणि नवखा माणूस दुकानदाराशी भांडायला जातो.

डिसेंबर 1998 मध्ये आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1024 ला ‘किबी’ हे वेगळं नाव मंजूर केलं: किलोतला ‘कि’ आणि बायनरीतला ‘बि’. खिलिओइचं एक अक्षर तेवढं उरलं. नाव कानाला बरं वाटत नाही, हे मान्य. पण मॅन पेजमध्ये आता किबीबाइट, मेबीबाइट यांची लघुरूपं लिहिलेली दिसतात आणि त्यांचा अर्थ एकच होतो. सर्व्हरच्या नोंदींत मी त्या 107.37 च्या प्रसंगापासून प्रत्येक व्हॉल्यूमपुढे आकार बाइटमध्येही लिहितो. त्या दिवशीच्या व्हॉल्यूमपुढे लिहिलं आहे: 1,07,37,41,82,400.