जिनोव्हाचे बेसिल आणि सुकवणीचा प्रश्न

ज्या वनस्पतीचे बी मराठी घरांत ‘सब्जा’ म्हणून फालुद्यासाठी भिजत घातले जाते, तिचेच पान, म्हणजे बेसिल, इटलीतील जिनोव्हा या बंदराच्या परिसरात ‘पेस्तो’ या खलात कुटलेल्या हिरव्या वाटणाचा प्राण ठरले. 1863 च्या सुमारास जोव्हान्नी बात्तिस्ता रात्तो यांच्या पाकपुस्तकात या वाटणाची जी कृती छापली गेली, तीत बेसिल नसल्यास मरवा आणि पार्सली वापरावी असे सुचवले आहे. सुकवलेल्या बेसिलचा पर्याय तेथे येतही नाही, आणि हे मौन पुरेसे बोलके आहे.

त्याचे कारण पानाच्या घडणीत सापडते. बेसिलचे सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ग्रंथींत असते, तर पान पातळ आणि पाणीदार. त्यामुळे ते सावकाश सुकले की काळवंडते, त्यातील लिनालूलसारखी चटकन उडणारी द्रव्ये बरीचशी निघून जातात आणि मागे वाळल्या गवताकडे झुकणारा वास उरतो. मरव्याचा भाऊबंद असलेला ओरेगानो मात्र वाळल्यावरही तिखट राहतो. म्हणूनच बेसिलची पाने मिठाच्या थरांत रचून वरून ऑलिव्ह तेल ओतण्याची रीत इटालियन घरांत रुजली. सुकवलेले पान वापरायचेच, तर ते सावलीत वाळवून, अखंडच घट्ट झाकणाच्या बरणीत अंधारात ठेवून, ऐन वेळी चुरडून टोमॅटोच्या रटरटत्या रश्शात घालावे लागते. ताजे पान मात्र आच बंद झाल्यावरच पडते.