निबंधाच्या कागदावरून निकालपत्रात

कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी दिव्यांगांच्या हक्कांवर लेखनस्पर्धा निघतात. सॅन दिएगोच्या थॉमस जेफरसन लॉ स्कूलची जेमसन क्रेन स्पर्धा त्यांपैकीच एक. आपले काही तरुण अशा स्पर्धांना प्रमाणपत्राचा खेळ समजतात. "चळवळ रस्त्यावर होते," असे म्हणतात. मित्रहो, इतिहास तपासा. हे म्हणणे अर्धेच खरे आहे.

जेकोबस टेनब्रोक हे कॅलिफोर्नियातील अंध प्राध्यापक. १९४० मध्ये त्यांनी अमेरिकेतील अंधांची राष्ट्रीय संघटना उभी केली. म्हणजे रस्त्यावरची चळवळ त्यांनीही केली. पण ते लिहितही होते. १९४९ मध्ये जोसेफ टसमन यांच्यासोबत त्यांनी 'कॅलिफोर्निया लॉ रिव्ह्यू'त कायद्याच्या समान संरक्षणावर लेख लिहिला. कायदा वर्गीकरण करताना कोणाला वगळतो आणि कोणाला विनाकारण गोवतो, हे तपासण्याची रीत त्यात होती. १९७४ मध्ये अंबिका मिल्स खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १४ चा अर्थ लावताना याच लेखाचा आधार घेतला. १९६६ मध्ये टेनब्रोक यांनी दिव्यांगांचा जगात वावरण्याचा हक्क मांडला. अमेरिकेचा व्यापक दिव्यांग हक्क कायदा त्यानंतर २४ वर्षांनी, १९९० मध्ये आला.

दुसरे उदाहरण आपल्या जखमेवरचे आहे. कृष्णवर्णीय विधिज्ञ किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये एका लेखात दाखवले, की वंश आणि लिंग यांचा अन्याय एकाच देहावर एकत्र कोसळतो. २०२१ मध्ये पाटण जमाल वली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच विचार स्वीकारला. पीडिता जन्मतः अंध आणि अनुसूचित जातीची होती. बलात्काराची जन्मठेप कायम राहिली. अॅट्रॉसिटी कायद्याखालची शिक्षा मात्र रद्द झाली. का? घटना २०११ ची. तेव्हाच्या कलमानुसार गुन्हा 'जातीच्या कारणावरून' घडल्याचे सिद्ध करावे लागे. पीडितेची जात 'माहीत असताना' केलेला गुन्हा पुरेसा ठरेल, असा बदल २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. तिला त्याचा उपयोग नव्हता.

कायद्यातील एका शब्दाची किंमत ही एवढी असते. मग तो शब्द कोणी सुचवायचा?

बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे लेखी निवेदन दिले, १९४७ मध्ये संविधान सभेसाठी 'राज्ये आणि अल्पसंख्याक' लिहिले. मोर्चा आणि मसुदा हे त्यांच्यासाठी एकाच लढ्याचे दोन हात होते.

आज दिव्यांग हक्कांवरच्या लेखनात जात फारशी येत नाही आणि जातीवरच्या आपल्या लेखनात दिव्यांग फारसे येत नाहीत. वस्तीतली अंध मुलगी दोन्हीकडून सुटते. कायदा शिकणाऱ्या भावांनो, बहिणींनो, पुढची स्पर्धा निघेल तेव्हा तिच्यावर लिहा. बक्षीस मिळो न मिळो, तुमचा युक्तिवाद उद्या एखाद्या वकिलाच्या हाती लागू शकतो.

जय भीम!