दाढेचा ठणका थांबतो तेव्हा

किडक्या दाढेतला पू जिभेच्या तळाशी पसरून श्वास कोंडतो, त्या आजाराचं नाव लुडविग्ज अँजायना. जर्मन डॉक्टर विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनी १८३६ मध्ये त्याचं वर्णन केलं. पुढचा घटनाक्रम कुणा एकाचा नाही. वेळा रुग्णागणिक बदलतात, पायऱ्या मात्र याच.

७२ तास आधी
खालची दाढ रात्रभर ठणकते. आतली नस सडली आहे, मुळाच्या टोकाशी पू साठतो आहे. हाडात त्याला पसरायला जागा नाही, म्हणून जीव नकोसा होतो. लवंगेचं तेल लावलं जातं, मेडिकलमधून गोळी येते. खरं तर आज रूट कॅनाल करून किंवा दाढ काढून पुवाला वाट दिली, तर गोष्ट इथेच संपते.

४८ तास आधी
ठणका अचानक उतरतो. घरात सगळ्यांना हायसं वाटतं. मला सगळ्यात भीती वाटते ती याच वेळेची. पुवाने हाड पोखरलं, दाब सुटला, म्हणून दुखणं कमी झालं. खालच्या शेवटच्या दोन दाढांची मुळं जिभेखालच्या स्नायूच्याही खाली पोचतात. त्यामुळे पू हिरडीवर फुटण्याऐवजी जबड्याखालच्या पोकळीत उतरतो. साठलेल्या पुवात रक्त फिरत नाही, म्हणून नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्या तिथे पुऱ्या पडत नाहीत. त्यात मधुमेह असेल तर संसर्ग आणखी झपाट्याने पसरतो.

२४ तास आधी
जबड्याखाली सूज, ताप, तोंड नीट उघडत नाही. ‘सूज उतरू दे, मग दाढ काढू,’ असं कुणीतरी सांगतंच. हा सल्ला जिवावर बेततो. पू बाहेर काढल्यावरच सूज उतरते.

६ तास आधी
सूज दोन्ही बाजूंना, हनुवटीखालचा भाग लाकडासारखा कडक. जीभ वर उचललेली, लाळ गिळवत नाही, आवाज घोगरा. आडवं झालं की जीव घुसमटतो.

१ तास आधी
श्वासाला घरघर. आता आधी श्वासाची वाट राखायची: नाकातून नळी, नाहीतर गळ्याला छेद. मग शिरेतून औषधं, पुवाला छेद, दाढ बाहेर.

शून्य
वाट बंद.

अँटिबायोटिक येण्याआधी यात निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. आता वेळेत पोचलेले बहुतेक वाचतात. जबड्याखाली सूज आणि गिळायला त्रास, एवढं दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, रुग्णाला झोपवू नका, बसवूनच मोठ्या रुग्णालयात न्या.