क्लबातला जॅझ आणि आपल्या वरातीतला बँड

पोस्ट लांबलचक आहे, जेवणं उरकून निवांत वाचा.

एप्रिल जवळ आला की पुण्या-मुंबईच्या क्लबांची पोस्टरं मोबाईलवर फिरायला लागतात. 30 एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिवस. युनेस्कोनं तो 2011 साली जाहीर केला, आणि त्याच्या आगेमागे कार्यक्रम लागतात. ‘लाईव्ह जॅझ, रात्री नऊ, टेबल आधी बुक करा.’ आपल्या भागातली जी पोरं हिंजवडी-खराडीला नोकरीला आहेत ती असली पोस्टरं मला पुढं ढकलतात आणि विचारतात, हे नक्की काय असतं? काहींचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, की हे श्रीमंतांचे चोचले, दारूबरोबर तोंडी लावायचं इंग्रजी गाणं. आणि नेमक्या त्याच दिवसांत इकडं शिखर शिंगणापूरची चैत्री यात्रा असते, लग्नसराई असते, आणि दाराच्या काचा हलवणारा डीजे असतो.

मला या दोन गोष्टी एकाच गोष्टीची दोन टोकं वाटतात. कशी, ते सांगतो.

जॅझ क्लबात जन्मला नाही. तो जन्मला अमेरिकेच्या दक्षिणेत, न्यू ऑर्लिन्स शहराच्या रस्त्यावर. तिथल्या काळ्या वस्त्यांमध्ये मिरवणुकीला आणि मयतीलाही बँड लागायचा. वाद्यं कोणती? क्लॅरोनेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, मोठा ढोल. म्हणजे लष्करी बँडची वाद्यं. आपल्याकडं इंग्रजांच्या पलटणींमुळं जी वाद्यं आली आणि पुढं लग्नाच्या बँडवाल्यांच्या हातात गेली, तीच ही. मयतीला जाताना संथ वाजवायचं आणि परतताना जोरात, असा तिथला रिवाज. आपल्या भजनात एक जण अभंगाची ओळ धरतो आणि दुसरा तीच ओळ वेगळ्या अंगानं फिरवून समेवर आणतो, तसाच काहीसा खेळ जॅझमध्ये वाद्यांवर चालतो. चाल सगळ्यांना माहीत, पण आज ती कुठून कुठं जाईल हे वाजवणाराच ठरवणार.

या संगीतातलं सगळ्यात मोठं नाव लुई आर्मस्ट्राँग. हा गरीब घरातला पोरगा. नववर्षाच्या रात्री रस्त्यात पिस्तूल उडवलं म्हणून त्याला पकडून काळ्या मुलांच्या सुधारगृहात टाकलं. त्या सुधारगृहात बँड होता, बँड शिकवणारे मास्तर होते. तिथं त्याच्या हातात कॉर्नेट आलं. साल 1913. हा मास्तर ध्यानात ठेवा, तो पुढं पुन्हा भेटणार आहे.

आता मुंबईत येऊ. ताजमहाल हॉटेल 1903 साली सुरू झालं. तिथल्या नाचाच्या दालनात आधी गोऱ्यांचे बँड वाजायचे. 1935 साली लिऑन अ‍ॅबे नावाचा काळा अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमध्ये आला, आणि मुंबईनं अस्सल जॅझ समोरासमोर ऐकला. त्यानंतर ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ आला, पियानोवाला टेडी वेदरफोर्ड आला. स्वतःच्या देशात ज्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात पुढच्या दारानं जाता येत नव्हतं, ते इथं राजे-महाराजांसमोर वाजवत होते. वेदरफोर्ड तर परत गेलाच नाही. 1945 साली कलकत्त्यात पटकीनं वारला.

पण या पाहुण्यांचं वाजवणं ऐकून ते लगेच उचलणारे हात मुंबईत आधीपासून होते, आणि ते होते गोव्याचे. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पोर्तुगीज राजवटीत गोव्यात प्रत्येक चर्चला जोडून एक शाळा असायची आणि तिथं गावच्या पोरांना स्वरलिपी वाचायला, व्हायोलिन वाजवायला शिकवलं जायचं. हेतू चर्चच्या गायनाचा. शिकवणारा ‘मेस्त्र’ कडक, चुकलं की छडी. गोव्यात रोजगार नव्हता, म्हणून हीच पोरं पोटासाठी मुंबईला आली आणि धोबी तलावच्या कुडांमध्ये राहिली. कूड म्हणजे आपापल्या गावच्या लोकांनी मिळून चालवलेली खोली. गिरणगावात घाटावरच्या माणसांच्या गाळ्यात जशी खानावळ आणि वळकटी, तसंच.

त्यातलाच एक आंतोनियो झेवियर वाझ, हळदोण्याचा, जन्म 1916. मुंबईत तो ‘चिक चॉकलेट’ झाला आणि लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. फ्रँक फर्नांड, कुडचड्याचे. सेबास्टियन डिसोझा, जे फाळणीआधी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवायचे. अँथनी गोन्साल्विस, माजोर्ड्याचे. सगळे खेड्यातले. क्लब शहरात होता, वाजवणारा गावचा होता.

मग 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि 1950 पासून पूर्ण दारूबंदी लागू झाली. मोरारजीभाई देसाई तेव्हा गृहमंत्री. दारूबंदी चूक की बरोबर या वादात मी शिरत नाही, आपल्याकडं त्यावर आधीच पुष्कळ भांडणं आहेत. मुद्दा एवढाच, की हॉटेलांचा गल्ला बसला आणि मोठा बँड पोसणं परवडेना. गोरे साहेब मायदेशी गेलेले, संस्थानं विलीन झालेली. कायदा करताना कुणाच्या मनात ट्रम्पेटवाला नव्हता, पण पोटावर पाय त्याच्याही आला. साधारण त्याच सुमारास खेर सरकारनं तमाशावरही बंदी घातली होती. ती नंतर उठली, पण संहिता सरकारी मंडळाकडून तपासून घ्यायची अट मागं लागली. मोडनिंबच्या संगीतबारीचा इतिहास माहीत असलेल्यांना हे नवं नाही. ढोलकीवाला आणि सॅक्सोफोनवाला एकाच दशकात सरकारी कागदाखाली सापडले, आणि दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता.

गोव्याच्या वादकांना वाचवलं ते सिनेमानं. इथं आपला माणूस येतो. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, जन्म 1918. त्यांनी विनायकबुवा पटवर्धनांकडं रीतसर शास्त्रीय शिक्षण घेतलेलं. असा माणूस चिक चॉकलेटला सहायक म्हणून जवळ घेतो आणि हिंदी गाण्यात जॅझ आणतो, ही गोष्ट मला आजही नवलाची वाटते. 1951 चा ‘अलबेला’ आठवा. नायक आणि दिग्दर्शक भगवानदादा पालव, गिरणी कामगाराचा पोरगा. त्या सिनेमातल्या एका गाण्यात झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेला एक बँड पडद्यावर दिसतो, तो खुद्द चिक चॉकलेटचा. पुढं 1957 च्या ‘आशा’त किशोरकुमारनं जो दंगा केला, तो याच ओढीचा. पुणतांब्याचा मराठी माणूस, हळदोण्याचा ख्रिस्ती वादक आणि परळच्या चाळीतला नायक. या तिघांनी आपल्या आज्यांच्या पिढीला टूरिंग टॉकीजमध्ये जॅझ ऐकवला, आणि त्या पिढीला तो जॅझ आहे हे कुणी सांगितलंच नाही!

सिनेमाला या वादकांची गरज का पडली तेही समजून घ्या. आपलं संगीत तोंडी. संगीतकार पेटी घेऊन चाल म्हणून दाखवायचा. पण तीस-चाळीस वाद्यं एकत्र वाजवायची तर कुणी कुठं थांबायचं, कुणी कुठं उठायचं हे कागदावर लिहावं लागतं. ते लिहिणं आणि वाचणं गोव्याच्या पोरांना येत होतं, ती मेस्त्रच्या छडीची पुण्याई. संगीतकाराचं नाव पडद्यावर मोठं, अरेंजरचं बहुतेक वेळा नाहीच. अँथनी गोन्साल्विस यांच्याकडं प्यारेलाल व्हायोलिन शिकले. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’त अमिताभच्या तोंडी जे नाव आलं, ते प्यारेलाल यांनी गुरूला केलेलं वंदन होतं. वरातीत आपण त्या गाण्यावर हजार वेळा नाचलो, पण तो खरा माणूस होता हे किती जणांना ठाऊक होतं? गोन्साल्विस 2012 साली गोव्यात वारले.

क्लब अगदीच संपले नाहीत. चर्चगेटच्या रस्त्यावर साठच्या दशकात हॉटेलाहॉटेलात बँड होते. तिथंच ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांनी नाव काढलं. त्यांच्यावरचा ‘नाचोम-इया कुंपासार’ हा कोंकणी सिनेमा मिळाला तर जरूर बघा, ‘बॉम्बे व्हेल्वेट’पेक्षा फार सरस आहे. डेव्ह ब्रुबेक 1958 ला भारतात येऊन गेला, ड्यूक एलिंग्टन 1963 ला. 1978 साली निरंजन झवेरी आणि त्यांच्या मंडळींनी मुंबईत महोत्सव सुरू केला आणि नाव काय दिलं, तर ‘जॅझ यात्रा’. यात्रा! धोबी तलावच्या रंगभवनात, उघड्यावर. सनी रोलिन्ससारखा जगातला पहिल्या फळीतला सॅक्सोफोनवाला तिथं वाजवून गेला.

पुढं 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. रंगभवनाच्या आसपास रुग्णालयं आणि कॉलेजं, त्यामुळं काही वर्षांत तिथले कार्यक्रम बंद पडले. नियम योग्यच आहेत. रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. पण गंमत अशी, की जागेवर बसून वाजवणारा सनदशीर कलाकार या नियमात पहिल्यांदा सापडतो, आणि टेंपोवर भिंत रचून हिंडणारा डीजे सगळ्यात शेवटी.

दरम्यान ऐंशी-नव्वदच्या दशकात सिंथेसायझर आला. चाळीस वादकांचं काम एक कीबोर्ड करू लागला आणि सिनेमानं सांभाळलेले हात पुन्हा मोकळे झाले. लुई बँक्ससारखे थोडे टिकले. 1988 ला दूरदर्शनवर लागलेलं एकात्मतेचं गाणं आठवतंय ना? त्यात अशोक पत्कींच्या बरोबरीनं हात होता तो या जॅझवाल्याचा. 2007 साली लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ क्लब निघाला, पुन्हा चांगला लाईव्ह जॅझ वाजू लागला. ज्या आवारात भोंग्यावर पाळी लागायची तिथं टेबलं बुक व्हायला लागली. तोही 2016 ला बंद झाला.

म्हणजे बघा, क्लब उघडतात आणि मिटतात. कधी कायद्यानं, कधी जागेच्या भाड्यानं, कधी यंत्रानं. सुधारगृहातला मास्तर आणि चर्चचा मेस्त्र यांनी एकदा शिकवलेली बोटं मात्र दुसरं काम शोधून घेतात, वीस-तीस वर्षं तरी.

आता आपल्याकडं या. माळशिरस तालुक्यात वाजवण्याची परंपरा कुणाच्या घरात होती, हे आपण उघड बोलत नाही. होलार आणि मातंग समाजाच्या घरात. सनई-सूर, डफ, हलगी, आणि नंतर त्याच हातांत क्लॅरोनेट आणि ट्रम्पेट. ज्यांच्याशिवाय हळद लागत नव्हती, त्यांनाच मांडवाबाहेर उभं करून शेवटच्या पंगतीला बसवलं गेलं, हेही लिहून ठेवतो. कुणाला टोचलं तर टोचू द्या. त्या माणसांनी कुठल्याही शाळेत न जाता नवं सिनेगीत दोन दिवसांत कानानं उचलून वाजवलं. त्यांच्या हातात जे वाद्य होतं तेच आर्मस्ट्राँगच्याही हातात होतं.

आज बँडला बारा-पंधरा माणसं लागतात, डीजेला दोन माणसं आणि एक जनरेटर. ज्या जुन्या क्लॅरोनेटवाल्यांना भेटावं, ते सांगतात की पोराला वाद्य हातात दिलं नाही. कारण विचारायची सोय नाही, मान नाही आणि पैसाही नाही. मग आपण डीजेबंदीची निवेदनं देतो, ग्रामसभेत ठराव करतो. माझाही त्याला पाठिंबा आहे, म्हाताऱ्या माणसांचे हाल मी बघतो. पण नुसत्या बंदीनं क्लॅरोनेटवाल्याच्या घरी सुपारी जात नाही. 1950 नं हेच दाखवलं, की बंदी काढून घेते, देत काही नाही. नगरपंचायतीनं आणि आपल्या शिक्षण संस्थांनी शाळेच्या बँडला खरा शिकवणारा नेमावा, त्याला महिन्याचं मानधन द्यावं, आणि हयात असलेल्या जुन्या वादकांतूनच तो निवडावा, एवढी साधी मागणी मी करतोय. पोरं स्वरलिपी वाचायला शिकली तर त्यातलं एखादं पुण्याच्या त्या पोस्टरवर असेल. श्रोता म्हणून नाही, वाजवणारा म्हणून.

शेवटचं काम तुमच्याकडं. नातेपुते, फोंडशिरस, मोरोची, धर्मपुरी, दहिगाव, मांडवे, पुरंदावडे या पट्ट्यात ज्यांनी बँडमध्ये क्लॅरोनेट, ट्रम्पेट, सनई वाजवली, अशा तुमच्या आठवणीतल्या माणसांच्या घरच्यांना विचारा आणि त्यांची हरकत नसेल तर नाव, गाव, वाद्य मला कळवा. जुना फोटो असेल तर तोही. वही घातली आहे, पहिलं पान अजून भरलेलं नाही.