बंद दाराआडचा राज्यकर्ता

भूतानात एका खोऱ्यातून दुसऱ्यात जावयाचे तर उंच खिंड ओलांडावी लागते. अशी विखुरलेली खोरी एका सत्तेखाली आणली ती १६१६ साली तिबेटातून आलेल्या शब्द्रुंग ङवांग नामग्याल या लामाने. दोन नद्यांच्या संगमावर त्याने पुनाखाचा झोंग उभारला. मठ आणि कचेरी एकाच तटबंदीत. १६५१ साली तेथेच एकांतसाधनेत तो वारला. कारभाऱ्यांनी ही वार्ता सुमारे पन्नास वर्षे दडवली! दाराशी ताट जाई, हुकूम त्याच्याच नावे सुटत. 'आज्ञेवरून' लिहिण्यात आयुष्य घालविणारे आम्ही कारकूनही येथे थक्क होतो. परंतु वारसाचा तंटा आणि तिबेटी स्वारी यांची धास्ती खरी होती. त्याचा देह आजही पुनाखातच जपलेला आहे.