स्वस्त जेवणाची किंमत : बर्मिंगहॅमच्या बाल्टीचा इतिहास

मंडळी, आजचा विषय जेवणाचा आहे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने हॉटेलावर बोलायचं म्हणजे जरा गंमतच. पण 'स्वस्त' हा शब्द आम्हाला बरीच वर्षं छळतो आहे. एखादी गोष्ट आपल्याला स्वस्त पडते, तेव्हा तिची उरलेली किंमत कोणी भरलेली असते? आज एका पदार्थापुरता हा प्रश्न विचारू.

बर्मिंगहॅमला असलो की आम्ही चार मित्र लेडीपूल रोडवरच्या एका पाकिस्तानी हॉटेलात जात असू. टेबलावर काच, काचेखाली मेनू. काळपट पोलादी भांड्यात मटण चरचरत यायचं आणि ज्या भांड्यात शिजलं त्यातच समोर ठेवलं जायचं. चौघांत मिळून एकच नान, निम्मं टेबल व्यापणारा. चमच्याची गरज नाही, नान तोडायचा आणि खायचं. बिल इतकं कमी की कोणी द्यायचं यावर भांडण व्हायचं नाही.

या पदार्थाचं नाव बाल्टी. १९७०च्या दशकात तो याच शहरात, स्पार्कब्रुक-स्पार्कहिल भागात घडला. नावाच्या उगमावर वाद आहेत. कोणी बाल्टिस्तानकडे बोट दाखवतं, कोणी साध्या बादलीकडे. बादलीचं म्हणणं खरं मानलं, तर हा शब्द आपल्या घरातलाच. पोर्तुगीज 'बाल्दे'पासून मराठीत बालदी आली, हिंदी-उर्दूत बाल्टी. पातळ पत्र्याचं भांडं, मोठी आंच, तुपाऐवजी तेल, हाडं काढलेलं मटण : म्हणजे झटपट होणारा पदार्थ. पाकिस्तानात तो या रूपात नव्हता. इंग्लंडमधल्या गिऱ्हाइकासाठी तो रचला गेला.

रचणारे कोण? बर्मिंगहॅममधल्या पाकिस्तान्यांत मोठा भरणा मिरपूरच्या लोकांचा. मिरपूर म्हणजे पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरचा दक्षिण भाग. तिथली माणसं ब्रिटिश अमदानीतच मुंबई बंदरात येऊन आगबोटींवर चढत आणि बॉयलरपुढे कोळसा टाकत. त्यांतले काही इंग्लंडमध्ये उतरले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या कारखान्यांना माणसं हवी होती. मग भाऊ, चुलतभाऊ, गाववाले गेले. १९६० साली सिंधू पाणीवाटप करार झाला आणि झेलमवर मंगला धरणाचं काम सुरू झालं. ते १९६७ साली पुरं झालं. जुनं मिरपूर शहर आणि शेकडो गावं पाण्याखाली गेली, लाखभर माणसं उठली. आधीच सुरू असलेल्या वाटेवर आता धरणग्रस्तही आले.

आणि इथे कायद्याची एक गंमत बघा. १९६२ साली ब्रिटनने राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर निर्बंध घातले. तोवर माणूस चार-पाच वर्षं राबून गावी जाई आणि त्याच्या जागी दुसरा येई. आता एकदा गेलो तर परत येता येईल की नाही, ही धास्ती. म्हणून माणसं तिथेच राहिली आणि पुढे बायकामुलं आणली. थोपवण्यासाठी केलेल्या कायद्याने वस्ती पक्की केली.

त्याआधी ही पुरुषांची वस्ती होती. एकाच खाटेवर दिवसपाळीवाला रात्री झोपे आणि रातपाळीवाला दिवसा. आपल्या गिरणगावाची आठवण येते ना? पण एक फरक आहे. गिरणगावात खाणावळ चालवणाऱ्या बायका होत्या, १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केल्या त्या. बर्मिंगहॅममध्ये सुरुवातीला बायकाच नव्हत्या, तेव्हा पुरुषच रांधायला शिकले. त्यांच्यासाठी निघालेल्या खाणावळींत पुढे शेजारचे गोरे कामगार आणि विद्यार्थी येऊ लागले. ओतकारखाने आणि मोटारींचे कारखाने आटले, तसे अनेकजण टॅक्सी आणि हॉटेलाकडे वळले.

आता 'स्वस्त' शब्दाकडे येऊ. ते जेवण स्वस्त का होतं? भाग गरिबांचा, म्हणून भाडं कमी. दारूचा परवाना नाही, ज्याला हवी त्याने बाटली बरोबर आणावी. आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे घरचे हात. कांदा चिरणारा पुतण्या, गल्ल्यावरचा मुलगा, पहाटेपर्यंत उभा राहणारा बाप. त्यांच्या तासांचा हिशेब बिलात धरलेला नसे. आम्ही मित्र निवांत गप्पा मारत जेवायचो, तो निवांतपणा त्यांच्या तासांतून यायचा.

म्हणून अशा ठिकाणी जेवूच नये, असं आमचं म्हणणं नाही. गिऱ्हाईक तुटलं तर त्या कुटुंबाचं भलं होत नाही. पण टिप ठेवली की देणं फिटलं, हेही आम्हाला पटत नाही. ज्याच्या हातचं आपण खातो तो कुठून आणि का आला, हे ठाऊक करून घेणं हा त्या देण्याचा निदान पहिला हप्ता आहे. कोयनेच्या धरणग्रस्तांच्या महाराष्ट्राला तरी हे समजायला जड जाऊ नये.

हिवाळ्यात मंगलाचं पाणी खाली उतरतं, तेव्हा जुन्या मिरपुरातलं देऊळ आणि दर्गे उघडे पडतात. माणसं तिथे जाऊन वाडवडिलांच्या कबरी शोधतात. मग पाणी पुन्हा चढतं.

प्रश्न असतील तर आता घेऊ.