चावडीवरून महाजालावर : खासगी माहितीचा प्रवास

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील आगाशी, निर्मळ, भुईगाव, गास यांसारख्या गावांत एकेकाळी कोणाच्या घरी कोण पाहुणा आला, कोणाची मुलगी कोठे दिली, कोणाच्या वाडीतील विहिरीला पाणी कमी पडले, हे संध्याकाळपर्यंत सर्वांना ठाऊक होत असे. खासगीपणाचे फारसे कौतुक तेथे नव्हते. तरीही त्या जाणण्याला एक बंधन होते. ज्याला आपल्याविषयी ठाऊक असे, त्याच्याविषयी आपल्यालाही तितकेच ठाऊक असे. घराला कुलूप लागले की ते शेजाऱ्याला समजे आणि त्या कुलपावर नजरही बहुधा तोच ठेवी. समाजमाध्यमांवर ही देवघेव उरत नाही. तेथे सांगणारा उघडा असतो आणि ऐकणारा पडद्याआड.

वसई-विरारमध्ये हा बदल एका पिढीच्या डोळ्यांदेखत घडला. २००९ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर गेलेली दिसली. मुंबईतील भाडे परवडेना म्हणून नालासोपारा-विरारकडे आलेली कुटुंबे नव्या इमारतींत राहू लागली. समोरच्या सदनिकेत कोण राहते हे महिनोन् महिने कळत नाही. मात्र शाळेतील वर्गमित्र, गावाकडील भावकी, जुन्या चाळीतील शेजारी हे सारे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पुन्हा एकत्र आले. विरार लोकलमध्ये उभ्याने होणाऱ्या रोजच्या प्रवासात मनुष्य याच पडद्यात डोके घालून असतो. चावडीची उणीव तेथे भरून निघते, हे खरे. त्यामुळेच तेथे बोलतानाही चावडीवरचा मोकळेपणा येतो आणि श्रोते बदलले आहेत, याचा विसर पडतो.

‘आमच्याकडे लपविण्यासारखे आहेच काय?’ हा प्रश्न या संदर्भात हमखास विचारला जातो. तो प्रामाणिक असला तरी त्यामागे एक चुकीचे गृहीत आहे. धोका एखाद्या मोठ्या गुपितात असतो, असे ते गृहीत. प्रत्यक्षात फसवणूक करणाऱ्याला गुपित लागत नाही. किरकोळ, निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टी एकाशेजारी एक मांडता आल्या, तरी त्याचे काम भागते. समजा, एखाद्या गृहस्थाने पन्नासाव्या वाढदिवसाच्या केकचे छायाचित्र टाकले. त्यातून जन्मतारीख मिळाली आणि जन्मवर्षही. मातृदिनाच्या दिवशी त्याने आजोळच्या आठवणी लिहिल्या; त्यातून आईचे माहेरचे आडनाव समजले. शाळेच्या स्नेहमेळाव्यात शाळेचे नाव आले. नव्या घराच्या वास्तुशांतीत इमारतीची पाटी दिसली. या चारही गोष्टी त्याने चार वेगवेगळ्या वर्षी आणि चार वेगवेगळ्या भावनांनी सांगितल्या होत्या. वाचणाऱ्याला त्या एकाच बैठकीत मिळतात.

या जुळणीचे मोल किती, हे काही रोजच्या व्यवहारांवरून लक्षात येते. ई-आधारची जी प्रत संकेतस्थळावरून उतरवून घेतली जाते, तिचा परवलीचा शब्द म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. ई-पॅनची प्रत उघडते जन्मतारखेने. म्हणजे ज्या कुलपांच्या आत आपली कागदपत्रे ठेवलेली आहेत, त्यांच्या किल्ल्या वाढदिवसाच्या शुभेच्छांसोबत वाटल्या जातात. आईचे लग्नापूर्वीचे आडनाव, पहिल्या शाळेचे नाव हे ओळख पटविण्यासाठी विचारले जाणारे नेहमीचे प्रश्न. ‘तुमचे पहिले वाहन कोणते?’, ‘लहानपणी तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारीत?’ असले खेळ फेसबुकवर हौसेने खेळले जातात, तेव्हा तीच उत्तरे आपण होऊन लिहून दिली जातात. अमेरिकेत २००८ मध्ये उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सॅरा पेलिन यांच्या ई-मेल खात्यात एका विद्यार्थ्याने शिरकाव केला, तो अशाच मार्गाने. जन्मतारीख, घरचा टपाल क्रमांक आणि पतीशी पहिली भेट कोठे झाली या प्रश्नाचे उत्तर, एवढ्यावर त्याने परवलीचा शब्द बदलून घेतला. ही सर्व उत्तरे त्याने सर्वांना उपलब्ध असलेल्या माहितीतून शोधली होती.

घर बंद असल्याची वर्दी ही दुसरी मोठी चूक. गणपतीला किंवा मे महिन्यात कोकणात जाणारी कुटुंबे गाडीत बसल्यापासून छायाचित्रे टाकू लागतात आणि ‘आता आठ दिवस गावी’ असे त्याखाली लिहितात. परदेशात या सवयीवर बोट ठेवण्यासाठी फेब्रुवारी २०१० मध्ये नेदरलँड्समधील काही तरुणांनी एक संकेतस्थळच काढले होते. ‘कृपया माझ्याकडे चोरी करा’ अशा अर्थाचे त्याचे नाव होते. घराबाहेर असल्याचे लोक स्वतःहून जाहीर करीत, ते संदेश तेवढे तेथे एकत्र दाखविले जात. विनोदाचा भाग सोडला, तर त्यातील मुद्दा आजही तसाच लागू आहे. पॅरिसमध्ये ऑक्टोबर २०१६ मध्ये किम कार्दाशियन या अमेरिकी तारकेला बांधून घालून तिचे दागिने लुटण्यात आले. आपण कोठे आहोत आणि आपल्याकडे काय आहे, हे ती समाजमाध्यमांवर सतत दाखवीत असे. आवश्यक ती माहिती इंटरनेटवरच मिळाली, असे आरोपींपैकी एकाने पोलिसांना सांगितले होते. त्या तारकेला निदान अंगरक्षक ठेवता येत होते.

छायाचित्रात आपण स्वतःला पाहतो. परका माणूस पार्श्वभूमी पाहतो. मागे दिसणारी इमारतीची पाटी, गाडीचा क्रमांक, भिंतीवरील विजेचे बिल, रेल्वेच्या तिकिटावरील पीएनआर, नव्या नोकरीचे ओळखपत्र हे सारे त्याला वाचता येते. धावण्याची वा चालण्याची नोंद ठेवणारी उपयोजने तर रोजचा मार्ग आणि वेळच लिहून ठेवतात. ‘स्ट्राव्हा’ या कंपनीने आपल्या वापरकर्त्यांच्या धावण्याचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला होता. २०१८ च्या जानेवारीत त्यावर वाळवंटातील लष्करी तळांच्या आकृत्या उजळून दिसू लागल्या, कारण तेथील सैनिक सकाळी तळाभोवती धावत होते. सैन्याला जे लक्षात आले नाही, ते सकाळच्या फेरफटक्याची नोंद सर्वांसाठी खुली ठेवणाऱ्या सामान्य नागरिकाला लक्षात येईल, अशी अपेक्षा करणे अवघड आहे.

माहिती कोणाच्या हाती पडेल यावर लिहिणाऱ्याचा ताबा किती थोडा असतो, याचे देशभर गाजलेले उदाहरण या जिल्ह्यातच घडले. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी मुंबई व परिसरातील व्यवहार थांबले. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. तेथील एका तरुणीने या बंदबद्दल शंका उपस्थित करणारा मजकूर फेसबुकवर लिहिला आणि तिच्या मैत्रिणीने त्याला ‘लाइक’ केले. दोघींना अटक झाली. त्यांची जामिनावर सुटका झाली. देशभर टीका झाल्यावर दोन पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित करण्यात आले. याच घटनेच्या निमित्ताने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ ला आव्हान देण्यात आले आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी, श्रेया सिंघल खटल्यात, ते कलम घटनाबाह्य ठरविले.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या इतिहासात या प्रकरणाची नोंद झाली, ते योग्यच झाले. मात्र त्यातील एका तपशिलाकडे आज पुन्हा पाहण्यासारखे आहे. मजकूर लिहिणाऱ्या तरुणीच्या काकांच्या रुग्णालयाची जमावाने तोडफोड केली. काकांनी काहीही लिहिले नव्हते. लहान गावात नाव, आडनाव आणि नाते एवढे समजले की पत्ता विचारावा लागत नाही. ज्या कलमाचा वापर त्या तरुणीविरुद्ध झाला, ते न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले. पण निकाल येईपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ गेला होता आणि काचा पहिल्याच दिवशी फुटल्या होत्या.

एकाच्या उघडेपणाची झळ दुसऱ्याला बसते, हे आकड्यांतही दिसले आहे. ‘केंब्रिज अॅनालिटिका’ प्रकरण २०१८ मध्ये उघडकीस आले, तेव्हा फेसबुकने भारतापुरता हिशेब दिला. व्यक्तिमत्त्व चाचणीचे ते उपयोजन भारतात फक्त ३३५ जणांनी घेतले होते. त्यांच्या मित्रयाद्यांमुळे ५ लाख ६२ हजारांहून अधिक भारतीयांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता होती. या लाखो लोकांनी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर दिले नव्हते. ज्यांनी दिले, त्यांच्या ओळखीचे असणे एवढाच त्यांचा संबंध.

आज मध्यमवर्गीय, विशेषतः ज्येष्ठ नागरिकांना ज्या ‘डिजिटल अटके’ची धास्ती आहे, तिचा पाया याच सुट्या माहितीवर उभा असतो. पोलीस किंवा सीबीआयचा अधिकारी असल्याचे सांगणारा तोतया व्हिडिओ कॉलवर प्रथम ओळख पटवून देतो : आपण गेल्या महिन्यात गोव्याला गेला होतात, आपली मुलगी दिल्लीत शिकते. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये ही पद्धत जवळजवळ याच तपशिलांसह उलगडून सांगितली होती आणि वैयक्तिक माहिती गोळा करणे ही तिची पहिली पायरी असल्याचे म्हटले होते. समोरच्याला इतके ठाऊक आहे म्हणजे तो खराच अधिकारी असला पाहिजे, असे घाबरलेल्या माणसाला वाटते. वास्तविक भारतीय कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकारच नाही. पण ज्या माणसाला आपण समाजमाध्यमांवर काय काय लिहिले हे आठवतही नाही, त्याला ती माहिती परक्याच्या तोंडून ऐकताना सरकारी नोंदीतीलच वाटते.

बनावट खाते काढण्यासाठी तर एवढीही मेहनत नको. नाव, छायाचित्र आणि सर्वांना दिसणारी मित्रयादी मिळाली की तोतया खाते पाच मिनिटांत तयार होते आणि ‘अडचणीत आहे, तातडीने पैसे पाठव’ असा निरोप त्या यादीतील प्रत्येकाला जातो. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक ओळख वापरणे आणि तोतयेगिरीने फसविणे हे अनुक्रमे कलम ६६-क आणि ६६-ड खालील गुन्हे असून दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिक्षेची तरतूद आणि आरोपी सापडणे यांत अंतर आहे, हे सांगायला नकोच.

लहान मुलांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. बाळाच्या बारशापासून शाळेच्या पहिल्या दिवसापर्यंतची छायाचित्रे पालकच टाकतात. गणवेशावरील शाळेचे बोधचिन्ह, शाळेच्या बसचा क्रमांक, शिकवणीहून परतण्याची वेळ ही माहिती त्या मुलाची असते आणि ती देताना त्याला कोणी विचारत नाही. या भागात सकाळी आई-वडील दोघेही लोकलने मुंबईला गेल्यावर मुले दुपारी एकटी घरी येतात, अशी घरे कमी नाहीत. त्या मुलाला नावाने हाक मारणारा आणि त्याच्या आजीची चौकशी करणारा अनोळखी माणूस त्याला अनोळखी वाटेलच, असे नाही.

अशा वेळी कायद्याचा आधार किती, हेही पाहिले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित करण्यात आले. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी कंपन्यांनी पालकांची पडताळणीयोग्य संमती घ्यावी, असे तो सांगतो. पण पालकाने घरगुती हौसेने टाकलेले छायाचित्र त्याच्या कक्षेबाहेर राहते. त्याहून महत्त्वाची आहे ती तिसऱ्या कलमातील तरतूद : व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिकरीत्या उपलब्ध करून दिलेल्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही. समाजमाध्यमांवर स्वतःची माहिती उघड करणाऱ्या व्यक्तीचेच उदाहरण कायद्याने दिले आहे. म्हणजे ज्या माहितीविषयी ही सारी चर्चा आहे, तीच माहिती कायद्याने संरक्षणाच्या कुंपणाबाहेर ठेवली आहे. ही त्रुटी मानावी की वस्तुस्थितीची कबुली, यावर मतभेद होऊ शकतात. नागरिकाच्या दृष्टीने परिणाम एकच.

समाजमाध्यमे सोडून द्यावीत, असा सल्ला कोणी देत असेल तर तो फुकट जाणार. तसे करण्याची गरजही नाही. जन्मवर्ष झाकून ठेवता येते. मित्रयादी इतरांना दिसणार नाही, अशी व्यवस्था करता येते. फेसबुकने भारतात २०२० पासून प्रोफाइलला कुलूप लावण्याची सोय दिली आहे. प्रवासाची छायाचित्रे घरी परतल्यावर टाकली, तरी त्यांना मिळणारी वाहवा कमी होत नाही. आधारची प्रत कोठे द्यावी लागलीच, तर शेवटचे चार अंक तेवढे दाखविणारी प्रत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळते. ई-मेल आणि व्हॉट्सअॅपला दुहेरी पडताळणी लावली, तर नुसत्या जन्मतारखेने काही उघडत नाही. जुन्या नोंदी खोडताना मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आपल्या भिंतीवरून मजकूर गेला, तरी कोणी घेतलेली त्याची प्रत जात नाही.

फसवणूक झालीच, तर पहिले काही तास सर्वांत मोलाचे असतात. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर दूरध्वनी केल्यास गेलेली रक्कम मधल्याच खात्यात गोठविण्याची शक्यता राहते. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावरही तक्रार नोंदविता येते. १ ऑक्टोबर २०२० पासून कार्यरत असलेल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही दाद मागता येते. तक्रारीपूर्वी लाजेपोटी किंवा संतापाने संभाषण पुसून टाकण्याची घाई अनेक जण करतात. खात्याचा पत्ता, संदेश, व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ यांची पडद्यावरील छायाचित्रे आधी काढून ठेवावीत. तपास अधिकारी सर्वांत आधी तीच मागतात.